दिवाणाखालचा डबा

आज फ्लॉवर निवडताना आतून लठ्ठ हिरवी अळी निघाली आणि मला डोंबिवलीच्या घरातला तो बघण्याचा कार्यक्रम आठवला. तेव्हा मी पीएचडी करत होते. आईने बजावलं होतं, "कामाचं विचारलं तर नुसतं 'संशोधन करते' म्हण." पण कळव्याहून आलेल्या मुलाच्या वडिलांनी खरंच रस घेऊन विचारलं आणि मी सुटले. अळ्यांना मारणारा एक विषाणू असतो, पण तो फार सावकाश मारतो, म्हणून आम्ही त्याच्यात विंचवाच्या विषाचं जनुक घालतो, असं मी सांगितलं. पोह्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. लिंबू-कोथिंबिरीचा वास तेवढा खोलीभर फिरत राहिला. "हे सगळं घरी आणतेस?" मुलाने बशी खाली ठेवत विचारलं. मी काही बोलायच्या आत बाबा मदतीला धावले. "छे छे, विषाणू लॅबच्या बाहेर नेताच येत नाही. घरी ती फक्त अळ्या आणते. रविवारी त्यांना खायला कोण घालणार? तुम्ही बसलाय ना, त्या दिवाणाखालीच डबा आहे." मुलगा ताडकन उठला. चहा न घेताच मंडळी निघाली. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात मुलाची आई चप्पल घालता घालता वळली आणि हळूच म्हणाली, "अगं, आमच्या गच्चीतल्या टोमॅटोला अळी लागलीय. तुझं ते बिनविंचवाचं औषध कुठे मिळतं का गं?" लग्न अर्थातच जमलं नाही. पुढे त्याचं दुसरीकडे जमलं, माझंही जमलं. त्याच्या आईचा मात्र दर हिवाळ्यात अजून फोन येतो, आणि मागोमाग पिशवीभर टोमॅटो.