दिघ्यांची बेचाळीस शिल्पं

निवृत्तीला दोन वर्षं उरली की माणसं घराचं प्लास्टर करायला काढतात. बडा गणपती मोहल्ल्यात राहणारे अच्युत दिघे विद्यापीठाच्या कलाविभागात कारकून. त्यांनी आवारातली शिल्पं मोजायला घेतली. जुन्या विद्यार्थ्यांनी घडवून उघड्यावर सोडून दिलेली, सायकल स्टँडमागे, घाणेरीच्या जाळीत, एकूण बेचाळीस. प्रत्येकाचा फोटो, माप, दगड, घडवणाऱ्याचं नाव, साल, तडा कुठे गेलाय ते. त्यांच्या पत्नी शालिनीबाई शेजारणींना सांगत, ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण त्या दगडी बायकांची सालं पाठ आहेत.

जीव मात्र कँटीनजवळच्या म्हशीवर. इंदुमती नावाच्या विद्यार्थिनीनं लाल वालुकाश्मात घडवलेली; पाठीवर छिन्नीचे घाव इतके बारीक, की उन्हात केस वाटावेत. पोरं तिच्यावर चहाचे ग्लास ठेवत आणि दिघे ते उचलत हिंडत.

शेवटी त्यांनी बांधकाम विभागाला यादी धाडली, नकाशासकट. पत्रात एकच ओळ, ‘तातडीने लक्ष द्यावे.’ मऊ ब्रश, साधं पाणी, रंग अजिबात नको, हे सगळं परिशिष्टात. पत्र एका पानाचं आणि बाकी मागे जोडायचं, ही तीस वर्षांची सवय.

वर्षभर फाइल झोपली. मग तपासणी समिती येणार म्हणून ती खडबडून उठली, आणि नेमके दिघे आठ दिवस भाचीच्या लग्नाला पुण्यात. परतले तर म्हैस काळ्याभोर ऑइलपेंटात चकाकत होती, शिंगं सोनेरी. बेचाळीसच्या बेचाळीस रंगवलेली. नकाशा नसता, तर जाळीतली तरी वाचली असती.

बांधकामचे संजीव खुशीत होते. “दादा, तुमचा नकाशा एक नंबर. एक भी नाही सुटली.”

“परिशिष्ट वाचलं नाहीत?”

“परिशिष्ट कौन वाचतो, भिया? तुम्ही वाचता का?”

 तीस वर्षं दिघ्यांनी दुसऱ्यांची परिशिष्टं टाचणी लावून कपाटात ठेवली होती. उघडलं एकही नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी थिनरचा बोळा म्हशीच्या पाठीवर फिरवून पाहिला. रंग दगडात मुरला होता. पुढे खरवडलं, तर रंगाबरोबर लाल भुकटी आली, आणि ते छिन्नीचे केसही.

तपासणीच्या दिवशी समितीच्या एक बाई म्हशीपाशी थांबल्या, फोटो काढला, कौतुकानं विचारलं, ही कोणी केली?

संजीवनं दिघ्यांना पुढे ढकललं. दिघे हात मागे बांधून म्हणाले, “नोंद नाही, मॅडम.”

घरी येऊन त्यांनी यादीच्या रजिस्टरात म्हशीपुढचं इंदुमतीचं नाव खोडलं; ही म्हैस आता तिची नव्हती.