पाठीतली बोटं

खंड्याचा फोटो चुकून निघाला. तिला काढायचा होता मागच्या दारावरच्या गळक्या पन्हळीचा, नळवाल्याला दाखवायला. ऐन वेळी तो निळा पक्षी दोरीवर येऊन बसला. कडेला भावाचा हातही आला, मनगटापासून पुढचा, चिमटा धरलेला. खळ लावलेले कागद तो वाळत घालत होता.

त्याचा तेवढाच फोटो. मोबाइल समोर धरला की तो म्हणायचा, "मी काय नवरामुलगा आहे?" आणि उठून जायचा. दोघंही बिनलग्नाची राहिली, एका खोलीत समोरासमोर बसून पुस्तकं बांधत. तो गेल्यावर तिने त्याचं स्टूल हलवलं नाही. जेवताना मात्र ती स्टुलाकडे पाठ करून बसू लागली.

फोटो भाचीने पाहिला. "मावशी, हा डायऱ्यांवर लाव. भेटकार्डं कर. किती दिवस फाटक्या पुस्तकांशी बोलत बसणार?"

भेटवस्तूंच्या दुकानवालीलाही पक्षी आवडला. "फक्त तो हात काढा," ती म्हणाली. "नाहीतर पक्षी सोडून लोक हातच बघत बसतील."

"मोबाइलवरच कापते," भाची म्हणाली. "कागद वाचेल."

"अख्खा छापून आण. कापायचं मी बघते."

तिने प्रत्येक प्रतीवर पोलादी पट्टी ठेवली आणि सुरी ओढली. पक्षी इकडे, हात तिकडे. कातरणं रद्दीच्या पोत्यात जातात, हा घरचा नियम. ही तिला टाकवेनात.

पुस्तकाच्या पाठीला, म्हणजे पानं शिवतात त्या कडेला, आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. वर कापड चढलं की त्या कुणाला दिसत नाहीत. भाऊ त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं वापरायचा. पाठीला कोरा कागद म्हणजे मोरीत गालिचा, असं त्याचं म्हणणं. तिने वर्तमानपत्र बाजूला सारलं. प्रत्येक डायरीच्या पाठीत त्याची बोटं चिकटवली. गुळगुळीत कागदाला खळ धरत नाही, हे तिला कळत होतं. कळलं, पण वळलं नाही.

डायऱ्या हातोहात गेल्या. खोली पुन्हा रिकामी झाली. भाचीचे फोन आखूड होत गेले. पन्हळ गळतच होती.

मग एक दिवस दुकानवाली पिशवी घेऊन आली.

"ताई, पाठी सुटतायत." तिने एक डायरी उघडून दाखवली. "आणि एका बाईंना आत बोटं दिसली. घाबरल्या बिचाऱ्या."

"माझ्या भावाची आहेत."

दुकानवाली समोरच्या स्टुलावर बसली. 'तिथे नको' असं हिच्या ओठांवर आलं. पण कितीतरी दिवसांनी तिथे कुणीतरी बसलं होतं.

"त्यांचं काम पक्कं होतं म्हणतात."

"त्याची पाठ कधी सुटली नाही," ती म्हणाली. स्वतःचंच वाक्य तिला झोंबलं. "सगळ्या परत आणा. नीट करून देते."

"काही भेट म्हणून गेल्या. त्या कशा मागायच्या?"

तिने पिशवीतल्या तेवढ्या जवळ ओढल्या.

दुकानवाली गेल्यावर तिने खळ शिजवली, भाऊ करायचा तशी, घट्ट. डायऱ्यांच्या पाठी उघडल्या. बोटं ओढावीसुद्धा लागली नाहीत. नखाने उचलली की सुटत होती, अगदी कोरडी, जणू कधी चिकटलीच नव्हती. त्या जागी वर्तमानपत्राच्या पट्ट्या बसवल्या. त्या पहिल्या दाबालाच धरल्या.

कातरणं तिने ओंजळीत घेतली, पोत्यात टाकली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. दुकानवालीला आणखी कार्डं हवी होती.

"या खेपेला मोबाइलवरच काप," ती म्हणाली.

"आणि मामाचा हात?"

"राहू दे तुझ्या मोबाइलात. तिथे खळ लागत नाही."

फोन ठेवून तिने डायऱ्या दाबयंत्रात घातल्या. चाक फिरवायला एका बाजूने तो असायचा. ती उठली, चाक अर्धं फिरवून त्याच्या बाजूला गेली आणि उरलेलं तिकडून फिरवलं.