काकांचा खिळा आणि माझे पेढे

हसायचं नसेल तर सांगते. हसणारच आहात म्हणा, पण निदान चहाचा घोट गिळून मग हसा.

मी कमी बोलते. माहेरी सगळे म्हणायचे, सासरीही म्हणतात. लग्न होऊन कॅनडात, एटोबिकोत आले, तेव्हा निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वरच्या मजल्यावर ओळखच अशी करून दिली, "ही ऋतुजा. बोलत नाही फारशी." आता एवढं सांगून झाल्यावर माणूस बोलणार तरी काय?

वरचा मजला म्हणजे सुधीरकाका आणि नंदाकाकू. आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. काका मूळचे नागपूरचे, रिटायर्ड इंजिनियर, आणि घोड्याचे मालक. अख्ख्या घोड्याचे नाही हं! अर्धा त्यांचा, अर्धा त्यांच्या मित्राचा, गॅरीचा. कागदोपत्री त्या घोड्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. काका त्याला बाळ्या म्हणतात. गॅरीसुद्धा "बॅलिया" म्हणतो.

बाळ्या गाडीच्या शर्यतीत पळतो. पाठीवर कुणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत लगाम धरून बसलेला ड्रायव्हर. आणि यंदा बाळ्या सीझनमधल्या सगळ्यात मोठ्या बक्षिसाच्या शर्यतीत थेट फायनलला पोचला होता.

काकांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक खिळा आहे. नुसता खिळा. घोडा घेतला त्याच वर्षी काकांनी तो ठोकला. मोठी शर्यत जिंकली की घोड्याबरोबर मालकांचा फोटो काढतात, तो तिथे लावायचा होता. काकू इतकी वर्षं त्या खिळ्याच्या आजूबाजूने धूळ पुसत आल्यात. फायनल ठरल्यावर त्यांनी जाहीर केलं, "हे शेवटचं. यंदा हा खिळा रिकामा राहिला तर तुमचा अर्धा बाळ्या विकायचा."

"चालेल," काका म्हणाले. पण चेहरा असा, की मला बघवेना.

फायनलच्या आदल्या दिवशी गॅरी जेवायला आला. आम्हीही होतो. मी वाढत होते. वरण-भात ताटात पडायच्या आतच शर्यत सुरू झाली, टेबलावर.

"ही मीठदाणी म्हणजे बाळ्या," काका म्हणाले. "ही लोणच्याची बरणी सुटल्या सुटल्या पुढे जाणार. जाऊ दे की! आपण तिच्या मागे, आतल्या बाजूला, चिकटून. समोरचा वारा ती खाईल, आपण आरामात. शेवटच्या वळणाला बाहेर काढायचं आणि—"

मीठदाणी ताकाच्या पेल्यावर आदळली.

"नो, नो, सुधीर!" गॅरीने तुपाची वाटी ओढून मीठदाणीच्या शेजारी लावली. तो इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत सांगतेय. "पुढे बरणी, बाजूला हा. कोंडला की नाही बॅलिया? बाहेर कुठून काढणार? पहिल्या वळणाच्या आतच पुढे जायचं."

"आणि अख्खा मैलभर वारा आपणच खायचा? शेवटाला पाय गळतील त्याचे!"

"कोंडलेल्या घोड्याच्या ताज्या पायांचं काय करायचं?"

"तूप इकडे द्या," काकू म्हणाल्या. "भात गार होतोय." त्यांनी वाटी उचलली आणि बाळ्याला वाट मिळाली.

"बघ!" काका ओरडले. "फट पडतेच!"

ड्रायव्हरला काय सांगायचं यावर श्रीखंडापर्यंत वाद चालला. शेवटी काकांचंच खरं ठरलं. मी एक अक्षर बोलले नाही, पण मनातून काकांच्या बाजूची होते. मला सगळं कळत होतं! का नाही कळणार? माझं माहेर मंचरजवळचं. बैलगाडा शर्यतींचा घाट बघत वाढलेय मी. शर्यत मला काय कुणी शिकवायची?

फक्त एक गोष्ट त्या टेबलावर कुणीच बोललं नाही. सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट कोण कशाला बोलेल?

"जिंकलो तर पेढे हं!" उठताना काका म्हणाले. ते सहज म्हणाले असतील. मी मनावर घेतलं. मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे वळले, वर केशर लावलं, आणि डबा पर्समध्ये लपवला. जिंकायच्या आधी पेढे दिसायला नकोत ना!

शर्यतीला आम्ही रेलिंगपाशी उभे होतो. काकू मात्र ट्रॅककडे पाठ करून. "मला नाही बघवत. काय ते नंतर सांगा."

घोडे सुटले. सगळं काकांच्या टेबलासारखं! लोणच्याची बरणी पुढे, मीठदाणी तिच्या मागे, आत. शेवटच्या वळणावर बाजूने तुपाची वाटीही आली. बाळ्या कोंडला.

"सांगितलं होतं!" गॅरी.

"थांब रे!" काका.

आणि पडली फट. ड्रायव्हरने बाळ्याला बाहेर काढलं. समोर सरळ पट्टा. बाळ्या बरणीच्या बरोबरीला आला. पण हा आपला टपटप, टपटप, दुडक्या चालीने. सगळेच तसे. माझा जीव खालीवर. मनात म्हटलं, अरे, असा काय कवायत केल्यासारखा चाललास? उधळ की चौखूर!

आणि काय सांगू, उधळला! मान वर, पुढचे पाय उचलले, दोन उड्यांत सगळ्यांच्या पुढे!

माझ्या तोंडून जे निघालं ते मंचरहून निघालं. "भिर्रर्रर्रर्र! आला, आला, बाळ्या आलाऽऽ!"

आजूबाजूला काहीतरी "ओह, नो" झालं म्हणे. मला नाही ऐकू आलं. मी पर्समध्ये डबा शोधत होते.

"अगं बाई, जिंकला?" काकू वळल्या.

"जिंकला, काकू!" एक पेढा त्यांच्या तोंडात. गॅरीचं तोंड उघडंच होतं, तिथे एक भरवला. काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. आनंदाने माणूस काहीही धरतो. त्यांच्यासाठी दोन ठेवले. निखिल "ऋतू, ऋतू" करत होता, त्यालाही एक दिला. शेजारी हिरव्या जाकिटातली एक बाई उड्या मारत चक्क रडत होती. परकी बाई, पण आमच्या बाळ्यावर केवढी माया! तिला दोन दिले. तिने मला घट्ट मिठी मारली आणि "कम, कम!" म्हणत हाताला धरून पायऱ्यांवरून खाली नेलं.

खाली घोडा उभा. फोटोवाला उभा. मला वाटलं, काका, गॅरी मागून येतच असतील. मी डबा वर धरला आणि मनापासून हसले. फोटो निघाला.

मग मी घोड्याकडे बघितलं. बाळ्याच्या कपाळावर टिकलीएवढाही पांढरा ठिपका नाही. याच्या तोंडभर पांढरा पट्टा होता.

लोणच्याची बरणी!

परत वर आले, तेव्हा निखिलने हळूच सांगितलं, "अगं, या शर्यतीत दुडक्या चालीनेच पळावं लागतं. घोडा चौखूर उधळला की ड्रायव्हरने त्याला मागे खेचायचं. तोवर बाकीचे पुढे जातात. शेवटून दुसरा आला आपला बाळ्या."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलंस कधी?"

घरी येताना गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसले. काका खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या सीटवरून गॅरीचा आवाज आला, "ते गोड उरलंय का अजून?"

मी डबा पुढे केला. दुसरं काय करणार?

पुढच्या आठवड्यात गॅरी फ्रेम केलेला एक फोटो घेऊन आला. हिरव्या जाकिटातल्या बाईने आठवणीने पाठवला होता. हरल्यावरही इतक्या मोठ्या मनाने मिठाई वाटणारं माणूस तिने ट्रॅकवर पाहिलं नव्हतं म्हणे! फोटोत त्यांचा घोडा, त्यांची माणसं, आणि मधोमध डबा करंडकासारखा उंचावून बत्तीशी दाखवणारी मी.

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी फोटो घेतला, टीव्हीपाशी गेले, खिळ्याला लावला आणि सरळ केला.

"नंदा, हा खिळा रिकामा आहे का?"

काकूंनी खिळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नाही बाई."

"मग घोडा राहिला."

बाळ्या अजून अर्धा आमचाच आहे. फोटोही तिथेच आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही मधली कोण हो?" आणि काका दर वेळी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतात,

"ही आमची ऋतुजा. बोलत नाही फारशी."