बिडाच्या झाकणावरचा रुसवा

ज्या झाकणावर पाय ठेवू नका म्हणून सासऱ्यांनी बजावलं होतं, त्याच झाकणावर मी पहिल्या दिवाळसणाला रुसून बसलो आणि बसल्या जागी टाच आपटली.

नुसत्या बसण्याने काही झालं नसतं. अंगाने मी तेव्हा पाप्याचं पितर होतो. घात केला तो टाचेने.

माझं सासर उत्तरेत, मुरारच्या लष्करी छावणीत. सासरे तोफखान्यातून पेन्शनीत निघालेले. बोलायचे मराठी, पण हुकूम सुटायचा तो हिंदीतून. त्यांच्या अंगणात विहीर होती आणि तिच्या बुटक्या कठड्याच्या खाचेत बसवलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, गोल झाकण. पाणी ओढायला मधे एक चौकोनी भोक. त्या भोकापासून काठापर्यंत केसाएवढा तडा गेलेला. तो दाखवून सासरे म्हणाले होते, "जावईबापू, हे ओझं सोसतं, धक्का सोसत नाही. भरलेल्या घागरी ठेवा, काही होणार नाही. वरून एक बत्ता पडू द्या, खेल खतम. तोफ पण अशीच जाते. आधी केसभर तडा, मग एक बार, मग तोफ नाही आणि गोलंदाजही नाही."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, तोफखान्याची माणसं, कशावरूनही तोफेवर येणारच.

मला हवी होती सायकल. माझी खोली शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीत, शाळा तिथून लांब, आणि बरोबरीचे मास्तर घंटी वाजवत रोज माझ्या शेजारून पुढे जायचे. मित्रांनी पढवून पाठवलं होतं: पाडव्याला ओवाळून झालं की आहेरात काय पडतं ते बघ, मनासारखं नसलं तर तोंड न उघडता रुसून बस. पहिल्या वर्षी जावयाचा रुसवा सासरा काढतोच, दुसऱ्या वर्षी कुत्रं विचारत नाही.

आहेरात पडली जरीची टोपी, टोपी बाजार नावाच्या पेठेतली. ती मी डोक्यावर घातली, पाटावरून उठलो आणि अंगणात जाऊन थेट झाकणावर बसलो. मनाईची जागा मुद्दाम निवडली. रुसवा जरा भारी दिसावा.

"राव, तिथे नका बसू," सासरे ओसरीवरून म्हणाले.

उत्तरादाखल मी टाच आपटली.

फुटक्या मडक्यासारखा आवाज झाला आणि मांडीखालून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं. तडा भोकाच्या पलीकडे निघून समोरच्या काठाला भिडला होता. भोकाच्या कडेचा एक टवका सुटून आत गेला. पडल्याचा आवाज येईना. येईना. मग आला, डुबुक.

माझा रुसवा त्या डुबुकबरोबरच संपला. पण तो संपल्याचं सांगायचं कसं? झाकणाचे दोन अर्धे एकमेकांना टेकून, नुसत्या भिडेखातर, उभे होते. उठायचं तर पायांवर जोर द्यावा लागणार, आणि जोर म्हणजेच धक्का. ओरडावं तर सगळे धावत येणार, आणि त्या घरात सगळ्यांच्या आधी धावणार सासूबाई, ज्यांच्या नुसत्या चालण्याने फडताळातली भांडी वाजायची. मी श्वाससुद्धा अर्धा अर्धा घेऊ लागलो. टोपी घामाने कपाळाला चिकटली. रामाचं नाव घेतलं, तेही हळू.

घरच्यांना हा रुसवा फार पक्का वाटला.

"अंगठी देऊ या का?" सासूबाई म्हणाल्या.

माझी नजर तड्यावर.

"मग सुटाचं कापड?"

मी डोळे मिटले.

"काय बाई हा ताठा. हूं नाही की चूं नाही."

सासरे बराच वेळ मिशी चोळत होते. शेवटी म्हणाले, "बरं, सायकल देतो. उठा आता."

ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप केला तो कानावर पडला आणि मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"सायकलपण नको?" सासूबाई म्हणाल्या. "मग काय, हत्ती बांधायचा दारात?"

वडिलांची ही फजिती बायकोला बघवेना. ओवाळणीचं तबक हातात तसंच घेऊन ती माझ्यापाशी आली. "अहो, पुरे ना आता," असं कानाशी म्हणाली आणि मला दंडाला धरून उठवायला तिने एक पाय झाकणावर टेकवला. लोखंड करकरलं. माझं एकट्याचं काय व्हायचं ते होवो म्हणून मी बसलो होतो, पण आता ही पण माझ्याबरोबर खाली जाणार हे लख्ख दिसलं, आणि तोंड उघडलं.

"पाय काढ."

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "पाडव्याच्या दिवशी घरच्या लक्ष्मीला पाय काढ म्हणतात."

बायको मात्र माझा चेहरा पाहून मागे सरली. सासऱ्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून झाकणावर गेली आणि मिशीवरचा हात खाली आला.

"हिलना मत," ते म्हणाले. "बाकी कुणी पुढे यायचं नाही."

त्यांनी शिडी आणली आणि कठड्यावर माझ्या शेजारून आडवी ठेवली, निजलेल्या पोराच्या उशाशी काही ठेवावं इतक्या अलगद. "उठायचं नाही. हळूच तिच्यावर पालथे पडा आणि सरका. पालीसारखे."

वर्गात मुलांना ओणवं उभं करणारा मी, जरीची टोपी घालून, सासरच्या अंगणात पोटावर सरपटलो. भोकातून खालचं काळं पाणी दिसत होतं आणि त्यात माझ्या डोक्यावरची टोपी. लाज वाटायला तेव्हा सवड नव्हती. ती नंतर आली आणि मुक्कामाला राहिली.

जमिनीवर आल्यावर तुळशीवृंदावन धरून बसलो. तरी जीभ शाबूत होती. "तसं काही फार नव्हतं," मी म्हणालो. "धरलं होतं त्याने."

सासऱ्यांनी शिडी बाजूला केली, बायकोच्या तबकातला नारळ उचलला आणि झाकणावर सोडला. फेकला नाही, नुसता सोडला. खाडकन आवाज झाला, दोन्ही अर्धे आत मुडपले आणि नारळासकट गेले. पाण्याचा आवाज वर यायला जो वेळ लागला, तेवढ्यात मी त्या विहिरीत पुन्हा एकदा पडून आलो.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "मग सायकल उद्याच आणायची ना?"

"आधी झाकण," सासरे म्हणाले. "पोरीच्या नशिबी आलं ते आलं, विहिरीला तरी काहीतरी धड मिळू दे."