बाबा ‘प्रिय ग्राहक’ म्हणाले तेव्हा

माझ्या वडिलांना गोड बोलता येत नाही. आंबा गोड, माणूस तिखट. पावस गावात आमची आंब्याची थोडी कलमं आहेत आणि मोसमात पेट्या थेट गिऱ्हाइकांच्या घरी जातात. त्यासाठी फेसबुकवर पेज मीच काढून दिलं आणि स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला. कोणी विचारलं, “आंबा गोड आहे ना?” की बाबा लिहिणार, “नाही, कडू आहे. कारल्याच्या मांडवावर धरलाय.” “कधी पाठवणार?” “पिकला की. झाडाला मी घड्याळ बांधलेलं नाही.”

मी कपाळाला हात लावायचे. “बाबा, दोन शब्द गोड बोललात तर जीभ झडेल का?”

“गोड बोलायला मी काय दलाल आहे गो?” संपला विषय.

गेल्या मोसमात, अक्षय्यतृतीयेच्या दोन दिवस आधी, सकाळीच पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मला फोन आला. आवाज घाबरलेला. “ताई, काकांची तब्येत बरी आहे ना?”

“का हो?”

“मला ‘प्रिय ग्राहक’ म्हणाले. वर गुलाबाचं फूल पाठवलं.”

बाबा आणि गुलाब! उघडून बघते तर आमच्या पेजचं जुळं. तेच नाव, फक्त त्यात एक टिंब जास्त. कलमाखाली टोपी घालून उभे असलेले बाबा, फोटोही तोच. पेज जेमतेम पंधरा दिवसांचं, आणि खाली कौतुक करणाऱ्यांची ही गर्दी, सगळ्यांची वाक्यं एकाच घाण्यातली. “फक्त आजच, त्वरा करा” म्हणून घाई. आणि बाबांच्या नावानं प्रत्येकाला दोन मिनिटांत उत्तर, हात जोडून. बाबांनी जसं लिहावं म्हणून मी इतकी वर्षं डोकं फोडत होते, अगदी तस्सं. मेल्यांनी माझंच स्वप्न चोरलं होतं.

मी फेसबुककडे तक्रार केली, खऱ्या पेजवर सावध करणारी सूचना टाकली आणि वही काढून जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावत बसले. बहुतेक जण हसले. “आम्हाला शंका आलीच होती. काका आम्हाला ‘आपण’ कशाला म्हणतील?” फोनचा स्पीकर चालू होता. बाबा शेजारी बसून ऐकत होते आणि दर फोनला त्यांची मान थोडी थोडी ताठ होत होती.

मग डोंबिवलीच्या बाईंना फोन लागला. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, बाबांना भाऊ म्हणणाऱ्या. यजमान त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेले, आता एकट्याच असतात.

“अहो, पैसे तर मी परवाच भरले,” त्या म्हणाल्या. “अक्षय्यतृतीयेला ह्यांच्या नावानं पान वाढायचंय. पहिलंच. ह्यांना तुमच्याकडचाच आंबा लागायचा. तसं भाऊंना लिहिलं, तर त्यांनी किती मायेनं उत्तर दिलं! रोज विचारतात, ताई, जेवलात का?”

मी खरं काय ते सांगितलं. गोड बोलतील ते भाऊ नव्हेत, हेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “पैशांचं जाऊ दे गं. मला वाटलं होतं, यंदा भाऊ जरा माझ्याशी बोलायला लागले.”

बाबा शेजारून उठले. विकायचा माल अजून हिरवा होता. गवताच्या अढीत पिकून तयार झालेले पहिले आंबे होते ते आमच्या घरच्या पानासाठी, कारण पितरांना दाखवल्याशिवाय आमच्याकडे आंबा कोणी तोंडाला लावत नाही. बाबांनी तेच पेटीत भरायला घेतले.

“आणि आपल्या पानावर?”

“रायवळ ठेवू. आपले पितर पावसचेच, त्यांना हापूसचं काय कौतुक?”

संध्याकाळी आम्ही हातखंब्याला, हायवेवर जाऊन मुंबईकडे निघालेल्या गाडीच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे पेटी दिली. गाडी सकाळी डोंबिवलीच्या नाक्यावर थांबणार होती. तिथं उतरवून घ्यायला कोणी नसलं, तर पेटी तशीच पुढे जाणार आणि बाईंचं पान आंब्यावाचून राहणार. बाबांनी रस्त्याकडेला उभं राहून एका बोटानं स्वतः बाईंना पेजवरून मेसेज लिहिला. “ताई, पेटी पाठवली आहे. कृपया सकाळी नाक्यावरून घ्यावी. काळजी नसावी.” खाली जोडलेले हात. जन्मात पहिल्यांदा!

बाईंनी त्यांना ब्लॉक केलं.

त्यांची काय चूक? धडा मीच दिला होता, सकाळी. बाबांनी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. “मी बोलतोय, पेटी पाठवली...”

“कशावरून तुम्हीच?” बाईंचा शाळेतला आवाज. “हल्ली आवाजसुद्धा खोटा काढतात.”

झालं, बाबांचा पारा चढला. “कशावरून म्हंजे? गेल्या साली आंबे फ्रीजमध्ये कोंबलेत आणि मलाच विचारलंत, वास का येत नाही! दर साली सांगतो, पेटीतलं गवत काढू नका, की आधी गवत कचऱ्यात! पोरं शिकवलीत ना तुम्ही जन्मभर? आता सकाळी सहाला गप नाक्यावर उभ्या राहा. पान आंब्यावाचून राहिलं तर तुमचे यजमान मला धरतील!”

पलीकडे बाई रडत होत्या. “भाऊच,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच भाऊ. ओरडा अजून थोडं.”

फोन माझ्या हातात देऊन बाबा रस्त्याकडे बघत राहिले. “बाईला जेवलात का म्हणून विचारलंन कोणी,” ते म्हणाले, “तर एका चोरानं.”

तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाबा डोंबिवलीला फोन लावतात, मोसम असो नसो. “जेवलात का” हे शब्द अजून त्यांच्या तोंडून निघालेले नाहीत. “काय शिजवलंत? एवढंच? एवढ्यानं काय होतंय?” असं ओरडतात.