परीक्षेची केस

"चप्पल काढ. ह्या रेघेवरून चाल."

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, वॉर्डाच्या मधोमध, लाद्यांमधली रेघ दाखवून सर मला म्हणाले. डॉक्टरकीच्या पोरांची परीक्षा चालू होती. मी चालले. टाचेला अंगठा लावून चालायचं असतं. तिसऱ्या पावलाला पडले. कोणीतरी फिसकन हसलं. सर म्हणाले, "क्लासिक. बघितलंत? परत एकदा."

परत एकदा. मग अजून एकदा.

मी लहान नव्हते तेव्हा. सव्वीस वर्षांची बाई होते.

माझा आजार मीच सांगते, तुम्ही विचारायच्या आधी. डोळ्याच्या बाहुलीभोवती जो तपकिरी पडदा असतो तो मला जवळजवळ नाहीच. म्हणून डोळे काळेभोर दिसतात आणि उजेड सुईसारखा टोचतो. लहान मेंदू जन्मापासून नीट वाढलेला नाही, त्यामुळे तोल जातो, हात थरथरतो. आणि डोकं हळू चालतं. चौथीत दोन वर्षं काढली. वाचायला शिकले, पुस्तक नाकाला लावून. मला हळू कळतं. पण कळतं.

आजार आईबाबा दोघांच्या रक्तातून आला. हे सांगताना सरांनी आईला विचारलं होतं, "आत्याच्या घरात दिलीय का तुला? तुमच्या लोकांत हे चालूच असतं." आई मान खाली घालून "हो" म्हणाली. तेव्हापासून ती सरांसमोर गुन्हा केल्यासारखी उभी राहायची.

असा आजार लाखांत एकालाही नसतो, म्हणून नऊ वर्षांची असल्यापासून मी परीक्षेची केस. वॉर्डातून फोन येतो, मंगळवारी या. बदल्यात चहा, वडापाव आणि पुढच्या तपासणीला लाइन नाही. नियम एकच. पोरांना आजाराचं नाव सांगायचं नाही, त्यांनी ते ओळखायचं असतं. ती हळूच गयावया करतात, "ताई, तुम्हाला काय सांगितलंय हो?" आपण गप्प. आई त्या दिवशी मला तेल लावून वेण्या घालायची, लग्नाला निघाल्यागत. चाळीत सांगायची, माझ्या पोरीवर डॉक्टर शिकतात. मलाही भारी वाटायचं. त्या भारी वाटण्याची आता लाज वाटते.

त्या दिवशी मात्र माझंच सरांकडे काम होतं. शिवडीला एका बेकरीच्या गोदामात केकच्या खोक्यांच्या घड्या घालायचं काम मिळत होतं. आठवडाभर करून दाखवलं होतं मी. हात थरथरतो, पण कड अंगठ्याने दाबून धरली की घडी सरळ पडते. मालक म्हणाला, काम करू शकते असं डॉक्टरांचं पत्र आण. सर म्हणाले, परीक्षा झाली की देतो.

तिसऱ्यांदा पडल्यावर गुडघा सोलवटला. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांना डोळे दाखवायला सरांनी माझा काळा चष्मा स्वतःच काढून घेतला. टॉर्च मारला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तशीच म्हणाले, "सर, माझं पत्र?"

सर माझ्याशी नाही, परीक्षकांशी बोलले. "हिला नोकरी करायचीय. आयक्यू बघा आणि हौस बघा." मग बाजूला उभ्या आईला म्हणाले, "कशाला नादी लावतेस तिला? घरी बसव. काम जमणार नाही असं लिहून देतो."

आई म्हणाली, "बरं, साहेब."

त्या "बरं"ने माझं डोकं फिरलं. सरांच्या बोलण्याने नाही, आईच्या.

पुढचा पोरगा परीक्षेला आला, घामाघूम. सर म्हणाले, "ऊठ. चाल."

मी उठले नाही. सरांच्या हातातून चष्मा घेतला. दोनदा हात हुकला, तिसऱ्यांदा मिळाला. डोळ्यांवर लावला. माझं बोलणं तुटक आहे, पण वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले. "गिलेस्पी सिंड्रोम. लिहून घ्या. डोळ्यात पडदा नाही, लहान मेंदू बारीक, बुद्धी हळू. सगळ्यांनी लिहा."

दाराबाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या पोरांनीही ऐकलं. पेपर फुटला.

"कोणी बोलायला सांगितलं हिला? काही कळतं का?" सर ओरडले.

"कळतं म्हणून तर बोलले. ह्यांना ओळखायला अर्धा तास देता, मला ते नवव्या वर्षापासून पाठ आहे."

आई थरथरत होती. त्या दिवशी आम्ही दोघी सारख्याच थरथरत होतो. जिन्यात म्हणाली, "आता पत्र नाही मिळायचं गं."

मी विचारलं, "तू बरं का म्हणालीस?"

नायगावपर्यंत चालत गेलो, ती माझा दंड धरून.

पत्र नाही मिळालं. गोदामवाल्याने दुसरीला ठेवलं.

काल वॉर्डातून पुन्हा फोन आला. मंगळवारी परीक्षा आहे, केसेस कमी पडतायत. आईने फोन माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी सांगितलं, येते. पत्र आधी. सहीशिक्क्याचं, काम करू शकते असं लिहिलेलं. मी ते नाकाला लावून वाचणार, कितीही वेळ लागो, तोवर सगळ्यांनी थांबायचं. चष्मा डोळ्यांवर राहील. चप्पल पायात राहील. आणि माझ्या आईला अहो-जाहो करायचं.

जमत नसेल तर बोलवू नका. बोलवाल, तर आजाराचं नाव मी दारातूनच सांगेन. दर वेळी सांगेन.