नमस्कारातला हिरवा

श्रावणातला सोमवार. हजर: मुलं चौदा, मी, मदतनीस, तपासणीच्या मॅडम आणि पटावर कुठेच नाव नसलेले मदतनीसबाईंचे सासरे.

माझ्या याद्यांचा एवढा विचका करणारा आणि तरी माझ्यावर एवढे उपकार करून ठेवणारा दुसरा माणूस अख्ख्या पेण तालुक्यात निघायचा नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जन्मभर रंगकाम करून घरी बसलेले हे काका, सुनेला सोडायच्या निमित्ताने गडब गावाजवळच्या आमच्या बालवाडीत यायचे आणि माझ्याआधी मुलांत फतकल मारायचे. कुंचला पुसायला त्यांना फडकं लागत नसे, सदरा होता. सून कावायची, "मामंजी, कपडे मला धुवायचे हायत!" तर म्हणायचे, "आज नको धूस गो, अजून पिवळा बाकी हाय." वरणभातावर लोणच्याची फोड नसली की "याची आखणी राहिली" म्हणून ताट परत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ती सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जाणत्या हाताने करायची.

माझ्याकडे रंगांचा तक्ता होता: सोमवारी लाल, मंगळवारी पिवळा. काकांनी तो पहिल्याच आठवड्यात उलटा करून जमिनीवर अंथरला, रंग सांडू नयेत म्हणून. "रंग बघून काय कळतोय, बाई? लावून कळतो." मुलाच्या एका तळव्याला पिवळा, दुसऱ्याला निळा फासायचे आणि फर्मावायचे, "कर नमस्कार!" हात चोळून उघडले की हिरवा. मुलं मग म्हशीलासुद्धा नमस्कार घालत सुटली. नावंही कारखान्यातलीच. पिवळा म्हणजे पितांबर, राखाडी म्हणजे उंदीर, गुलाबी म्हणजे कानाच्या आतला.

मागच्या तपासणीत शेरा पडला होता: 'रंगओळख नाही.' पुन्हा तसाच पडला तर आमची बालवाडी बंद होऊन मुलं हायवेपलीकडच्या बालवाडीत जाणार होती. चार वर्षांची पोरं, रोज ट्रकांच्या रांगेतून.

त्या सोमवारी मॅडमनी गुलाबी कार्ड दाखवलं.

"कानाच्या आतला!" चौदा जणांचा गजर.

राखाडी.

"उंदीर!"

मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"निदान हिरवा तरी दाखवा कुणी."

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठली. तिने मॅडमचे दोन्ही हात धरले, एकाला पितांबर फासला, दुसऱ्याला निळा, आणि थेट काकांच्या थाटात म्हणाली, "करा नमस्कार!"

मॅडमनी केला. तळवे उघडले आणि बघतच राहिल्या. "आम्ही हे नुसतं पाठ केलं होतं हो," त्या हळूच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "शेरा तुम्हीच लिहा, बाई. माझे हात भरलेत." मी लिहिलं: 'रंगओळख आहे.' सही त्यांनी तशाच हाताने केली; शेजारी त्यांचा हिरवा अंगठा अजून आहे.

बालवाडी राहिली. काका राहिले नाहीत. हात थरथरायला लागला तशी लेक त्यांना रोह्याला घेऊन गेली. जायच्या आधी ते मुलांनी रंगवलेल्या मातीच्या उंदरांचे डोळे काढायला बसले. तेरा झाले. चौदाव्यावर हात चालेना. तो त्या चिमुरडीचा होता. कुंचला माझ्या हातात देऊन म्हणाले, "याची आखणी तुमची, बाई."

"मला नाही जमायचं, काका."

"जमंल. बघू नका, लावा."

ती आता तिसरीत आहे. शाळेत जाताना कुंपणावरून ओरडते, "बाई, माझ्या उंदराला दिसाया लागलं काय?" माझ्या रोजच्या यादीत पहिलं काम तेच असतं, 'उंदीर, आखणी.' बाकी सगळ्या कामांवर संध्याकाळपर्यंत 'झालं'ची खूण होते.